क्वेरी हाताळणीतले बग: प्रकल्प नोंदी, नागपूर, नोव्हेंबर २०२४

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. या महिन्यात नवं काही बांधायचं नाही. आपल्या डेटाबेस सर्व्हरच्या क्वेरी थरात, म्हणजे एसक्यूएलमधला प्रश्न (क्वेरी) समजून उत्तर काढणाऱ्या भागात, चुकीचं उत्तर देणारे जे बग साचलेत, तेवढेच काढायचे. सर्व्हर कोसळला तर निदान कळतं, स्टॅक ट्रेस (कोड कुठे अडला याची नोंद) मिळतो, कोणीतरी लगेच फोन करतं. उत्तरातून एक ओळ गळली तर कोणालाच पत्ता लागत नाही. बिलांच्या यादीतून एका शेतकऱ्याची आवक नाहीशी होते आणि बेरीज मात्र जुळल्यासारखी दिसते. म्हणून क्रॅशचे तीन बग मागे ठेवले आणि हे पुढे घेतले.

चाचणीचा डेटा आपणच तयार केलेला आहे. संत्र्याच्या आवकेचा नमुना, टेबलं चार: आवक (१२ लाख ओळी), गाव, अडते, बिल. गावं काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातली. तारखा आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांच्या, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात आणि फेब्रुवारी ते एप्रिल ओळींची गर्दी, मधले महिने जवळजवळ रिकामे. हा असमानपणा मुद्दाम ठेवलाय. सारखा पसरलेला डेटा दिला की प्लॅनर (क्वेरी कुठल्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा भाग) एकच प्लॅन निवडत राहतो आणि बाकीच्या वाटांवरून कोणी जातच नाही.

कामाची पद्धत: बग आला की आधी पाच ओळींच्या आत बसेल असा नमुना करायचा. मग तीच क्वेरी नेस्टेड लूप (दर ओळ दुसऱ्या बाजूच्या ओळींशी ताडणं), हॅश जॉइन (ओळी आधी बादल्यांत वाटून ताडणं), मर्ज जॉइन (दोन्ही बाजू क्रमाने लावून ताडणं) अशा टेबलं जोडण्याच्या तिन्ही मार्गांनी आणि सगळे रीराइट नियम (क्वेरीचं रूप बदलणारे) बंद ठेवूनही चालवायची. चारांपैकी एकाचं उत्तर वेगळं निघालं की अर्धं काम झालं. प्रत्येक रीराइट नियमाला क्रमांक आणि स्वतंत्र स्विच आहे. नियम एकेक करून बंद करत गेलं की दोषी सापडतो. नमुना हातात आल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही.

५ नोव्हेंबर

पहिली तक्रार: "इंडेक्स टाकल्यावर उत्तर बदललं." क्वेरी साधी आहे, आवकेत एकदाही न आलेले अडते काढायचे:

सिलेक्ट नाव फ्रॉम अडते व्हेअर आयडी नॉट इन (सिलेक्ट अडते_आयडी फ्रॉम आवक)

इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याची सूची) नसताना शून्य ओळी, इंडेक्स असताना २७. तक्रार करणाऱ्याच्या मते २७ बरोबर आणि शून्य हा बग. प्रत्यक्षात उलट आहे. आवक टेबलात थेट विक्रीच्या काही ओळी आहेत आणि त्यांत अडते_आयडी नल, म्हणजे मूल्यच नसलेला, आहे. "हा आयडी नलच्या बरोबरीचा नाही" याचं उत्तर खरंही नाही आणि खोटंही नाही, ते अज्ञात. व्हेअरमध्ये अज्ञात म्हणजे ओळ बाद. यादीत एक जरी नल आला तरी नॉट इन कधीच खरं होऊ शकत नाही. एसक्यूएलच्या मानकानुसार शून्य ओळी हेच उत्तर.

नमुना: अडते १, २, ३. आवकेत दोन ओळी, एकीत १, दुसरीत नल. अपेक्षित शून्य, मिळतात २ आणि ३. नियम १७ बंद केला की बरोबर. हा नियम नॉट इनचं अँटी जॉइनमध्ये (दुसऱ्या बाजूला जोड नसलेल्या ओळीच ठेवणारा जॉइन) रूपांतर करतो. इंडेक्स आला की अँटी जॉइन स्वस्त दिसतो, म्हणून बग इंडेक्सनंतर उघडा पडला. इंडेक्सचा स्वतःचा काही दोष नाही.

तक्रारदाराला उत्तर लिहिलं: तुम्हाला हवं ते नॉट एक्झिस्ट्स लिहून मिळेल. त्यात नलची ही अडचण येत नाही आणि अँटी जॉइनही बिनधोक लागतो.

७ नोव्हेंबर

नियम १७ ची दुरुस्ती. दोन वाटा होत्या, पोस्टग्रेस आणि ऑरॅकल या डेटाबेसांच्या. पोस्टग्रेसने आवृत्ती १७ पर्यंत नॉट इनचा अँटी जॉइन केलाच नाही, सबक्वेरीचं (कंसातल्या आतल्या क्वेरीचं) उत्तर मेमरीत मावलं तर हॅश करून वापरायचं, एवढंच. ऑरॅकलने ११जी मध्ये नल ओळखणारा अँटी जॉइन आणला. आपण दोन्ही घेतलं.

दोन्ही बाजूंचे कॉलम नल नसणार हे सिद्ध होत असेल तरच साधा अँटी जॉइन. नाहीतर नल ओळखणारा: हॅश टेबल भरताना आतल्या बाजूला एकही नल दिसला तर उत्तर रिकामं. आतली बाजू पूर्ण रिकामी असेल तर बाहेरच्या सगळ्या ओळी पुढे, बाहेरचा आयडी स्वतः नल असला तरीसुद्धा, कारण रिकाम्या यादीवर नॉट इन खरंच असतं. आत काहीतरी आहे आणि बाहेरचा नल आहे, तर ती ओळ बाद.

पहिला पॅच रिव्ह्यूत अडकला, आणि बरं झालं. "नल नसणार" हे आम्ही कॅटलॉगमधल्या (टेबलांच्या व्याख्यांची नोंद) नॉट नल खुणेवरून ठरवत होतो. पण सबक्वेरीच्या आत लेफ्ट जॉइन (जोड नसली तरी डावीकडची ओळ ठेवणारा) असेल आणि कॉलम उजव्या बाजूचा असेल, तर टेबलात नॉट नल असलेला कॉलमही जोड न सापडल्यावर नल होऊन बाहेर येतो. आता तपास कॅटलॉगवर थांबत नाही, कॉलम कुठल्या कुठल्या जॉइनमधून वर आला ते पाहतो.

सबक्वेरी बाहेरच्या ओळीवर अवलंबून असेल तर "आत नल आहे का, आत रिकामं आहे का" ही दोन्ही उत्तरं बाहेरच्या दर ओळीला बदलतात. एकच झेंडा (हो-नाही खूण) पुरत नाही. तिथे रूपांतर बंद, जुना सबप्लॅन (दर ओळीला आतली क्वेरी चालवणं) चालू.

८ नोव्हेंबर

बिल न झालेल्या आवका शोधणारी क्वेरी. आवक लेफ्ट जॉइन बिल, आणि व्हेअरमध्ये कोॲलेस(बिल.रक्कम, ०) = ०. उत्तरात फक्त शून्य रकमेची बिलं आली. ज्यांचं बिलच नाही त्या आवका गायब, आणि क्वेरी तर त्यांच्यासाठीच लिहिलेली!

नियम ९: व्हेअरमधली अट नल ओळीला बाद करणारच असेल तर लेफ्ट जॉइनऐवजी इनर जॉइन (फक्त जोड सापडलेल्या ओळी ठेवणारा) चालतो. नियम योग्य, तपास कच्चा. फंक्शन वरचा बरोबरचा ऑपरेटर पाहतं, तो नल दिला की नल देणारा आहे, खाली कुठेतरी बिल.रक्कम दिसते, आणि लगेच होकार. मधला कोॲलेस नल गिळून शून्य देतो, हे पाहिलंच नाही. आता वरपासून कॉलमपर्यंतची प्रत्येक गाठ तपासली जाते. कोॲलेस, केस, इज नल यांपैकी काही आलं की ती फांदी सोडून द्यायची.

अँड आणि ऑर यांवर तासभर गेला. सगळ्यात वर अँड असेल तर एका बाजूने नल बाद केला तरी पुरे. ऑर असेल तर दोन्ही बाजूंनी करायला हवा. नॉटच्या खाली गेलं की हिशेब फिरतो. उदाहरणार्थ:

नॉट (बिल.रक्कम > ५०० अँड आवक.बहार = 'मृग')

बिल नाही, म्हणजे पहिली अट अज्ञात. बहार आंबिया, म्हणजे दुसरी खोटी. अज्ञात अँड खोटं म्हणजे खोटं, त्याचं नॉट खरं. ओळ राहिली पाहिजे. वरच्या पातळीवर "खोटं किंवा अज्ञात" दोन्ही चालतात, नॉटखाली मात्र फक्त अज्ञात चालतं. म्हणून फंक्शनला "वरची पातळी आहे का" असा जादा पॅरामीटर दिला आणि नॉटखाली अँडलाही ऑरसारखंच वागवलं. नमुने १४ लिहिले, त्यातले चार या नॉटचेच.

११ नोव्हेंबर

या महिन्यातला सगळ्यात खोल बग. गावाच्या नावावर जॉइन केला की ओळी कमी येतात. सगळ्या गावांच्या नाहीत, ठरावीक गावांच्या. गळालेल्या नावांची यादी काढली: कुऱ्हा, बऱ्हाणपूर, वऱ्हाड. तिन्हींत तोच ऱ्ह.

नमुना: "कुऱ्हा" हे नाव तीन प्रकारे टंकलेलं, दोन्ही टेबलांत तीन-तीन ओळी. नेस्टेड लूप ९ ओळी देतो, हॅश जॉइन ३. गट पाडला तर सॉर्टवाला मार्ग एक गट देतो, हॅशवाला तीन.

पडद्यावर तिन्ही नावं हुबेहूब सारखी. बाइट मोजले तेव्हा फरक दिसला. पहिलं १८ बाइटचं: क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, अशा सहा खुणा, प्रत्येकी तीन बाइट. इथला ऱ एकसंध, युनिकोड ०९३१. दुसरं २१ बाइटचं: ऱ च्या जागी साधा र (०९३०) आणि नुक्ता (०९३सी). तिसरंही २१ बाइटचंच, पण रचना वेगळी: र, हलन्त आणि मग २००डी हा न दिसणारा सांधा. कुठल्या कीबोर्डवरून टंकलं त्यावर हे ठरतं, लिहिणाऱ्याच्या हाती काही नसतं.

सर्व्हरचं मराठी कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) नुक्ता सोडून देणारं, पहिल्या पातळीचं आहे आणि सांधा तर ते मोजतच नाही. त्यामुळे तुलना केली तर तिन्ही समान. पण हॅश (ओळ कुठल्या बादलीत जायची ते ठरवणारा आकडा) काढणारं फंक्शन सरळ बाइटांवर चालतं. तीन वेगळे हॅश, तीन वेगळ्या बादल्या. जे एकमेकांना कधी भेटतच नाहीत, त्यांची तुलना होणार कधी?

१२ नोव्हेंबर

दुरुस्ती लिहिण्याआधी एक प्रश्न मिटवावा लागला: समान म्हणायचं कशाला? पहिल्या पातळीचं कोलेशन "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांनाही एकच मानतं. दर्या आणि दऱ्याही एकच. मराठीत हे वेगळे शब्द आहेत. पहिला गुरूंसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. मराठी डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरने यात गल्लत करणं मान्य नाही.

दुसरी पातळी लावली तर नुक्ता मोजला जातो आणि आचार्य-आचारी वेगळे होतात. एकसंध ऱ आणि र-अधिक-नुक्ता हे युनिकोडच्या व्याख्येनुसारच एकरूप, त्यामुळे ते दोन समान राहतात. कोणी हलन्त आधी आणि नुक्ता नंतर टंकला तरी हरकत नाही. युनिकोडमध्ये नुक्त्याचा क्रमवर्ग ७, हलन्ताचा ९, त्यामुळे नॉर्मलायझेशनमध्ये (मजकूर एका ठरलेल्या रूपात आणताना) क्रम आपोआप सरळ होतो. पण सांध्याचा प्रकार मात्र युनिकोड एकरूप मानत नाही. सांधा वगळला की तो रफाराच्या गटात, म्हणजे आचार्यांच्या बाजूला जाऊन पडतो.

पर्याय एक: डेटा साठवतानाच सांध्याचं ऱ करायचं. नाकारला. सर्व्हरने जे घेतलं तेच परत द्यायचं, बाइट जसेच्या तसे. पर्याय दोन: तुलनेची चावी बनवताना, फक्त चावीपुरतं, र-हलन्त-सांधा याऐवजी ऱ-हलन्त धरायचं. हा घेतला. आता तिन्ही प्रकारांचा कुऱ्हा एक, आणि रफाराचा र्ह वेगळा.

१४ नोव्हेंबर

हॅश आता त्याच चावीवरून. जॉइन, गट, डिस्टिंक्ट, युनियन सगळे पास झाले आणि रात्रीच्या चाचणीत पुन्हा ओळी गळाल्या. मेमरीची मर्यादा ६४ केबी ठेवली की गळतात, ४ एमबी ठेवली की नाही. म्हणजे हॅश टेबल मेमरीत मावलं नाही, भाग डिस्कवर गेले, आणि त्या भागांची वाटणी करणारं फंक्शन निराळं. तेही बाइटांवर. तसंच तिसरं ठिकाण निघालं: जॉइनच्या आधी नको त्या ओळी गाळणारा ब्लूम फिल्टर. एकच चूक तीन फायलींत, तीन वेगळ्या काळी लिहिलेली.

म्हणून केवळ तीन जागी ठिगळ न लावता रचना बदलली. प्रत्येक डेटाटाइपसाठी समानता आणि हॅश एकाच वर्णकातून मिळतात, बाइटांवरचं जुनं फंक्शन क्वेरी थरातून काढून टाकलं. डीबग बिल्डमध्ये असर्ट घातला: तुलना "समान" म्हणाली आणि हॅश जुळले नाहीत तर तिथेच थांब.

असर्टने संध्याकाळपर्यंत आणखी दोन पकडले. न्यूमेरिकचे १० आणि १०.०० समान, पण दशांशाची लांबी हॅशमध्ये मिसळत होती. फ्लोटचे ० आणि उणे ० समान, पण चिन्हाचा बिट वेगळा. पहिल्यात शेवटची शून्यं काढून हॅश, दुसऱ्यात शून्य असेल तर सरळ धन शून्यच घ्यायचं.

किंमत: १२ लाख ओळींचा मजकुरावरचा हॅश जॉइन ०.९ सेकंदावरून १.७ सेकंदांवर गेला. ज्या कोलेशनमध्ये समानता बाइटांचीच आहे तिथे चावी न बनवता थेट बाइट वापरले, तिथे पुन्हा ०.९. मराठी कोलेशनवर १.७ राहणार. बरोबर उत्तरासाठी एवढं द्यायलाच हवं.

१८ नोव्हेंबर

ज्या गावातून आवकच नाही ती गावं. व्हेअर ० = (सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम आवक व्हेअर आवक.गाव_आयडी = गाव.आयडी). उत्तर नेहमी रिकामं.

हा बग जुना, सगळ्या जगाला ठाऊक असलेला. १९८२ मध्ये वॉन किम यांनी अशा सबक्वेरी उलगडून जॉइन करण्याची रीत मांडली, तिच्यात काउंटचा हाच घोटाळा राहिला. १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइनचा उपाय दिला. आपल्याकडे नियम २२ इनर जॉइन करत होता. आवक नसलेल्या गावाचा गटच बनत नाही, मग शून्य येणार कुठून?

लेफ्ट जॉइन केला आणि गट नसेल तिथे मूल्य भरलं. शून्य सरसकट भरायचं नाही. काउंटचं रिकाम्यावर शून्य, सम आणि मॅक्सचं नल. काउंट(*) + १ असेल तर एक. म्हणून प्लॅन करतानाच पूर्ण एक्स्प्रेशन रिकाम्या इनपुटवर मोजून घेतो आणि ते मूल्य वापरतो. सबक्वेरीत हॅविंग (गटांवरची अट) असेल तर "गट नव्हता" आणि "गट होता पण हॅविंगने बाद केला" यांत फरक करावा लागतो. तूर्त तिथे नियम २२ बंद.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. फझर (आपोआप क्वेरी बनवून बग शोधणारं साधन) दिवसभर चालू ठेवला. पद्धत मॅन्युएल रिगर आणि झेंदोंग सू यांनी २०२० मध्ये मांडलेली: कोणतीही क्वेरी घ्या, कोणतीही अट घ्या, आणि अट खरी, अट खोटी, अट अज्ञात असे तीन तुकडे करा. तिन्हींच्या ओळी मिळून मूळ क्वेरीच्या ओळी झाल्याच पाहिजेत. अपेक्षित उत्तर आधी माहीत असण्याची गरज नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

२१ नोव्हेंबर

फझरचे निष्कर्ष: ११ विसंगती. त्यातल्या नऊ एकाच कारणाच्या: लाइक (मजकूर नमुन्याशी जुळतो का) या अटीचं नॉट करताना रीराइट नल सोडून देत होता. दुरुस्त. उरलेल्या दोन फ्लोटमधल्या नॅनच्या (संख्या नाही असं सांगणारं मूल्य). नॅन नॅनच्या समान आणि बाकी सगळ्या संख्यांहून मोठा, असा पोस्टग्रेसचा नियम आहे. तोच धरला, नाहीतर सॉर्टला क्रमच उरत नाही.

एक काळजी लिहून ठेवतो. ऱ्ह चा बग या पद्धतीने कधीच सापडला नसता. हॅश जॉइन मूळ क्वेरीतही तीच ओळ गाळतो आणि तुकड्यांतही तीच गाळतो, त्यामुळे बेरीज जुळते. म्हणून फझरसोबत प्लॅन बदलून तुलना करणारी चाचणीही रोज रात्री लावली: तीच क्वेरी तिन्ही जॉइन पद्धतींनी, आणि मेमरी ६४ केबी व ४ एमबी अशा दोन्ही मर्यादांवर. शब्दयादीत ऱ्य, ऱ्ह, ळ, क्ष, ज्ञ यांची सगळी टंकनरूपं घातली.

२५ नोव्हेंबर

छोटा बग. लिमिट (जास्तीत जास्त किती ओळी) ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या) १० दिलं की शून्य ओळी. "मर्यादा नको" सांगण्यासाठी काही रिपोर्ट साधनं ही ६४ बिटांतली कमाल संख्या पाठवतात. युनियन ऑलच्या प्रत्येक फांदीत लिमिट अधिक ऑफसेट ढकलताना बेरीज ऋण होत होती. बेरीज कमालीवर थांबवली. दोन ओळींचा पॅच, तीन चाचण्या.

२८ नोव्हेंबर

नव्या आवृत्तीवर जाणाऱ्यांसाठी सूचना लिहिली. मराठी कोलेशनच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स, हॅश असोत वा बी-ट्री, पुन्हा बांधावे लागतील, कारण चावीच बदलली. युनिक हॅश इंडेक्स पुन्हा बांधताना अडखळू शकतो. आजवर बाइट वेगळे म्हणून दोन "कुऱ्हा" सुखाने राहत होते, आता ते एकच आहेत. सर्व्हरने यातला एक निवडून दुसरा पुसायचा नाही. कुठल्या गावाच्या ओळी कुठल्या आयडीला जोडायच्या हे डेटा ओळखणाऱ्या माणसानेच ठरवायचं. सोबत क्वेरी दिली: चावीनुसार गट, प्रत्येक गटात आयडींची यादी आणि नावाचे बाइट, एकाहून जास्त ओळी असलेले गट तेवढे.

उघडा राहिलेला बग: मर्ज जॉइन आणि ळ. बाइटांच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, मराठी वर्णक्रमात ह नंतर. त्यामुळे एका बाजूला बाइटक्रमाचा जुना इंडेक्स आणि दुसऱ्या बाजूला मराठी क्रमाचा सॉर्ट आला की कळमेश्वर एकीकडे कसाऱ्याच्या आधी, दुसरीकडे नंतर, आणि मर्ज जॉइन पुढे निघून जातो. प्लॅनर सध्या दोन्ही क्रम "मजकुराचा क्रम" म्हणून एकच समजतो. क्रमाच्या वर्णनात कोलेशनचा आयडी आणि लायब्ररीची आवृत्ती घालायला घेतलंय. ते होईपर्यंत दोन्ही बाजूंचं कोलेशन वेगळं असेल तर मर्ज जॉइन बंद, लॉगमध्ये इशारा. नमुना चार ओळींचा आहे, चाचण्यांत घातलाय, सध्या लाल, म्हणजे नापास.